सध्या कामाच्या बाकावर काय आहे? पावसाळ्यातील गिटारकाम

गिटार बनवणाऱ्या हौशी माणसाने आषाढ-श्रावणात तबलीला आतून आधाराच्या पट्ट्या चिकटवू नयेत. बाकीची बहुतेक कामे करता येतात, आणि म्हणूनच पुणे, ठाणे व मिरज येथे विखुरलेल्या आमच्या लहानशा मंडळातील प्रत्येकाने सध्या काय हाती घेतले आहे हे पाहिले, तर त्या निवडीमागे पावसाचा हात दिसतो. आमच्यापैकी कोणाचेही पोट या कामावर चालत नाही. त्यामुळे गिऱ्हाईक नाही, तारीख नाही आणि हवा अनुकूल होईपर्यंत थांबण्याची मुभा आहे, जी धंदेवाईक कारागिराला सहसा मिळत नाही.

तबली म्हणजे गिटारीचा पुढचा, गोल भोकाचा पातळ लाकडी पत्रा. स्टीलच्या तारांच्या गिटारीत तो सुमारे पावणेतीन मिलिमीटर जाड असतो आणि नायलॉनच्या तारांच्या गिटारीत त्याहूनही पातळ. लाकूड हवेतील ओलावा घेऊन रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, लांबीच्या दिशेने मात्र जवळजवळ फुगत नाही, आणि सगळी गोम इथेच आहे. आतून चिकटवायच्या पट्ट्या तबलीच्या रेषांना आडव्या किंवा तिरप्या जातात, त्यामुळे तबली आकसू लागली तरी पट्ट्या आकसत नाहीत. पुण्यात भर पावसाळ्यात घरातसुद्धा आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास राहते आणि लाकडातील पाण्याचे प्रमाण साधारण १६ टक्क्यांवर स्थिरावते. एप्रिलच्या दुपारी हीच हवा ३० टक्क्यांच्या खाली उतरते आणि लाकूड ६ टक्क्यांपर्यंत सुकू पाहते. उभ्या रेषांच्या कापाच्या स्प्रूसमध्ये (तबलीच्या नेहमीच्या सूचिपर्णी लाकडात) पाण्याचे प्रमाण एक टक्क्याने घटले, की रुंदी सुमारे ०.१५ टक्क्याने घटते. म्हणजे ३८० मिलिमीटर रुंदीच्या तबलीला श्रावण ते वैशाख या प्रवासात सुमारे पावणेसहा मिलिमीटर आकसायचे असते, आणि पावसाळ्यात चिकटवलेल्या पट्ट्या तिला आकसू देत नाहीत. मग तबली तडकते. उलट कोरड्या हवेत चिकटवलेली तबली पुढच्या पावसाळ्यात फुगून थोडी वर येते, तारांची उंची वाढते, वाजवणारा कुरकुर करतो, पण लाकूड शाबूत राहते.

यावर ठाण्याच्या मित्राने उपाय केला आहे. त्याने एका जुन्या लोखंडी कपाटात खाली साठ वॅटचा तारेचा दिवा बसवला आणि वरच्या कप्प्यात तबली व पट्ट्यांचे लाकूड ठेवले. (एलईडी दिव्याने हे काम होत नाही, कारण तो पुरेसा तापतच नाही.) हिशेब सोपा आहे: २५ अंशांवरची ८५ टक्के आर्द्रतेची हवा ३५ अंशांपर्यंत तापवली, तर हवेतील पाणी तेवढेच राहूनही आर्द्रता ४८ टक्क्यांच्या आसपास येते. त्याचा आर्द्रतामापक खरे बोलतो का, हे त्याने मिठाने तपासले. बाटलीच्या झाकणात साधे मीठ घेऊन ते ओलसर लगद्यासारखे करायचे आणि मापकासह हवाबंद डब्यात रात्रभर ठेवायचे. सकाळी काटा ७५ टक्क्यांवर असला पाहिजे. बाजारातील स्वस्त मापक पाच-दहा टक्क्यांनी सहज चुकतात, त्यामुळे ही चाचणी न करता कपाटावर विसंबणे व्यर्थ आहे. मला स्वतःला हा कपाटाचा मार्ग तरीही पटत नाही. पातळ तबली बाहेर काढली, की सरस लावून पट्ट्या दाबून बसवेपर्यंतच ती ओलावा पिऊ लागते आणि बघता बघता वाकते. दिवाळीनंतर जे काम हवाच करून देते, ते दिव्याच्या उष्णतेवर उरकण्याची गरज हौशी माणसाला नसावी. तो मात्र ऐकणाऱ्यांपैकी नाही.

त्याच्या बाकावरचे दुसरे काम मला अधिक आवडले. पाडलेल्या एका वाड्यातील शिसवी पलंगाच्या फळ्या त्याला मिळाल्या आहेत आणि त्यांतून तो गिटारीची पाठ व बाजू काढतो आहे. शिसव, म्हणजे सह्याद्रीत वाढणारे डाल्बर्जिया लॅटिफोलिया, हे जगभरच्या गिटारकारांना भारतीय रोझवूड म्हणून माहीत आहे. अमेरिकेतील मार्टिन कंपनी पूर्वी ब्राझीलचे रोझवूड वापरत असे. ते मिळेनासे झाले, तेव्हा १९६९च्या अखेरीपासून तिने आपल्या नेहमीच्या गिटारींसाठी भारतीय लाकूड घेतले. पलंगाची अडचण अशी, की त्याच्या फळ्या अरुंद आहेत. दोन भागांची पाठ करायची, तर प्रत्येक भाग वीस सेंटिमीटरांहून रुंद लागतो, आणि इथे पंधराच्या वर एकही फळी जात नाही. त्याने तीन भागांची पाठ करायचे ठरवले आहे. ही तडजोड काही नवी नाही: मार्टिननेच रुंद ब्राझिली फळ्यांच्या टंचाईमुळे १९६५ मध्ये तीन भागांच्या पाठीचे डी-३५ हे मॉडेल काढले आणि पुढे लोक ते मुद्दाम मागून घेऊ लागले.

जुन्या शिसवी फळीवर करवत चालवली, की आतून जांभळट लाकूड निघते, गोडसर वास सुटतो आणि हाताला काळपट भुकटी लागते. ही भुकटी नाकात गेली की शिंका थांबत नाहीत, म्हणून तोंडावर मास्क हवाच. फळी दोन मिलिमीटरपर्यंत पातळ करून, पाण्याने ओलसर करून, तापलेल्या नळीवर हलक्या हाताने दाबत वाकवायची असते. नळी पुरेशी तापली, की पाण्याचा थेंब तिच्यावर टिकत नाही, तडतडत पळतो. शिसवाच्या रेषा वेड्यावाकड्या असतील, तर गिटारीच्या कमरेपाशी, जिथे वळण सर्वांत तीव्र असते, तिथे फळी उकलते. या मित्राने वाया जाणारे तुकडे आधी वाकवून पाहिले आणि कोणती फळी बाजूंसाठी, कोणती पाठीसाठी हे त्यावरून ठरवले. लाकडात तेलकट अंश असल्यामुळे चिकटवण्यापूर्वी जोडाच्या कडा अ‍ॅसिटोनने पुसाव्या लागतात.

शिसवाचे कौतुक करताना एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. स्पेनमधील आंतोनिओ दे तोरेस याने १८६२ मध्ये पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या केलेली एक गिटार बनवली होती, ती आवाजात तबलीचा वाटा किती मोठा आहे हे दाखवण्यासाठी. हे वाद्य आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. तेव्हा पाठीच्या लाकडावर पंचवीस हजार रुपये खर्चून तबली मात्र कामचलाऊ वापरणाऱ्या नवशिक्यांना माझे सांगणे असे, की हिशेब उलटा करा. पलंगाचे लाकूड त्या दृष्टीने आदर्श आहे: दिसायला राजस, आणि खर्च फक्त मेहनतीचा.

मिरजेच्या मित्राचे काम आमच्यात सर्वांत धाडसी आहे. तो हिंदुस्थानी संगीतासाठी स्लाइड गिटार, म्हणजे तारांवर दांडी सरकवून वाजवायची गिटार, बनवतो आहे, ज्यात मुख्य तारांबरोबर चिकारीच्या (लयीसाठी छेडायच्या) आणि तरफांच्या (आपोआप झंकारणाऱ्या) ताराही असतील. ब्रिजभूषण काबरा यांनी या वाद्यावर रागसंगीत रुजवले आणि विश्वमोहन भट्ट यांनी तारा वाढवून मोहनवीणा घडवली, हे वाचकांना ठाऊक असेलच. बनवणाऱ्याच्या दृष्टीने प्रश्न ताणाचा आहे. साध्या सहा तारांच्या स्टील गिटारीवर सुमारे ७० ते ७५ किलो ताण असतो आणि घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात तो तुकडा, तबलीला चिकटवलेली असल्यामुळे तो सगळा तबली उपटायला पाहतो. त्यात डझनभर तरफा आणि चिकारीची भर पडली, तर चिकटवलेली घोडी सुटण्याची किंवा तबली पोट काढण्याची खात्रीच समजावी. म्हणून त्याने तारांची टोके घोडीला न अडकवता वाद्याच्या तळाशी असलेल्या धातूच्या पट्टीला बांधली आहेत आणि घोडी तबलीवर नुसती उभी ठेवली आहे. आता तबलीवर खालच्या दिशेने दाब पडतो, ओढ पडत नाही. तबलीही त्याने सपाट ठेवलेली नाही, जाड फळीतून कोरून किंचित कमानदार केली आहे. ती त्याने उन्हाळ्यातच संपवली होती. सध्या तो तुणाच्या लाकडाची मान घडवतो आहे. तूण हे महोगनीच्या कुळातले झाड, वजनाला हलके, पटाशीला सोपे आणि सतारकारांच्या नेहमीच्या वापरातले.

मिरजेत राहण्याचा त्याला जो फायदा आहे, त्याचा आम्हा पुणे-ठाणेकरांना हेवा वाटतो. सतार आणि तंबोरे घडवणाऱ्या कारागिरांची तिथली परंपरा दीडशे वर्षांहून जुनी आहे आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तरफांच्या घोडीची जवारी (तारेला झंकार देणारा माथ्याचा उतार) काढण्यासाठी तो तिथल्याच एका बुजुर्ग कारागिराकडे जाऊन बसतो. घोडीचा माथा कानशीने आणि मग बारीक पॉलिश पेपरने इतका अलगद उतरता करायचा, की कंप पावणारी तार त्याला पुन्हा पुन्हा हलकेच स्पर्श करत राहील. पेपरचा एक हात जास्त फिरला, तर आवाज बंद पडतो, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. ते काका पेपर फिरवतात, तार छेडतात, मान हलवतात, पुन्हा फिरवतात. "कानाने घासायचं, हाताने नाही," एवढेच ते त्याला सांगतात. गिटारकारांकडच्या कोणत्याही मोजपट्टीत हे बसत नाही.

मोजपट्टीचे काम पाहायचे, तर आमच्या मंडळातील निवृत्त गणित-शिक्षिकांच्या बाकाकडे यावे. बाई ६५० मिलिमीटर लांबीच्या तारेची, नायलॉनची गिटार करत आहेत आणि पावसाळ्यात त्यांनी पडद्यांच्या पट्टीचे, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पडद्यांच्या फळीचे, काम काढले आहे. सप्तकाचे बारा समान भाग करायचे, तर प्रत्येक पडद्याशी उरलेली लांबी १७.८१७ ने भागावी लागते. पहिला पडदा ३६.४८ मिलिमीटरवर आणि बारावा बरोबर मध्यावर, ३२५ वर येतो. युरोपातील जुने कारागीर सोयीसाठी १८ ने भागत. हे प्रमाण सोळाव्या शतकात गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिलेई यांनी सुचवले होते. बाईंनी तेही करून पाहिले: बारावा पडदा ३२२.६ वर येतो, म्हणजे जवळजवळ अडीच मिलिमीटर आधी. पडद्यावर दाबताना तार ताणली जाऊन स्वर किंचित चढतो, त्यामुळे जुन्यांची ही चूक काही अंशी आपोआप भरून निघत असे. आज आपण पडदे अचूक ठेवतो आणि घोडीकडचा आधार दीड-दोन मिलिमीटर मागे सरकवतो. बाईंचा आग्रह एवढाच, की प्रत्येक पडद्याचे अंतर वरच्या टोकापासूनच मोजावे. एका पडद्यापासून दुसरा मोजत गेले, तर दर खुणेतील बारीक चूक पुढे साचत जाते. पडद्याची खाच ०.६ मिलिमीटरहून रुंद झाली, तर तिच्यात बसवलेला पडदा सैल राहतो, म्हणून त्यांनी करवतीचे दात दोन्ही बाजूंनी तेलदगडावर घासून कमी केले आहेत.

अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने लाकूड बाजूला ठेवून इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप (तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारी चुंबकी गुंडाळी) गुंडाळायला घेतले आहेत. त्याला दमट हवेचे सोयरसुतक नाही. शिलाई मशीनची मोटर, तिच्यावर लाकडी चकती, चकतीला चिकटवलेले लहान चुंबक आणि साध्या कॅल्क्युलेटरच्या 'बरोबर' या कळीला जोडलेला रीड स्विच (चुंबक जवळ आले की जुळणारा): एक अधिक एक दाबून ठेवले, की प्रत्येक फेऱ्याला आकडा एकाने वाढतो. मोटर फार जोरात पळवली तर कॅल्क्युलेटर फेरे गाळतो, म्हणून तो पायपट्टी हळूच दाबतो. स्ट्रॅटोकास्टर या प्रसिद्ध इलेक्ट्रिक गिटारच्या पद्धतीच्या पिकअपला सुमारे आठ हजार फेरे लागतात. तार घेताना मात्र इथे हमखास घोटाळा होतो. अमेरिकी लेखनात ४२ क्रमांकाची तार सांगितलेली असते, पण तो अमेरिकी गेज (तारेच्या जाडीचा क्रमांक) आहे आणि तिची जाडी ०.०६३ मिलिमीटर असते. आपल्याकडे मोटर गुंडाळणाऱ्यांच्या दुकानात ब्रिटिश गेज चालतो, ज्यात ४२ क्रमांक म्हणजे ०.१ मिलिमीटर. ती तार घेतली, तर निम्म्या फेऱ्यांतच बॉबिन भरून जाते. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लोहार चाळीत मागताना ४६ क्रमांक मागावा, म्हणजे ०.०६१ ची तार मिळते, आणि ती पुरेशी जवळची आहे.

माझ्याकडे एक मान अर्धवट घडलेली आहे आणि मागच्या हिवाळ्यातील एक गिटार पॉलिशविना उभी आहे. चपड्याचे (लाखेचे) पॉलिश मी आता मुळीच लावणार नाही, कारण दमट हवेत स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर बाष्प धरते आणि पॉलिशवर पांढुरकी छटा येते. कोजागरीपर्यंत तिला कपड्यात गुंडाळून ठेवण्याखेरीज इलाज नाही.

तोवर एक विचारणा. ठाण्याच्या मित्राला पाठीच्या मधल्या पाचरीसाठी शिसवाची आणखी एक फळी हवी आहे: लांबी किमान ५५ सेंटिमीटर, रुंदी बारा चालेल, पण कापाच्या टोकाकडून पाहिल्यावर रेषा उभ्या दिसल्या पाहिजेत आणि खिळ्यांची भोके मधोमध नसावीत. पुण्याच्या भवानी पेठेतील टिंबर मार्केटमध्ये तो फिरून आला आहे, तिथे हल्ली सागाशिवाय फारसे काही हाती लागत नाही. कोणाच्या घरी मोडका शिसवी देव्हारा, पलंग किंवा झोपाळ्याची पाटी माळ्यावर पडून असेल, तर भंगारवाल्याला देण्यापूर्वी जरूर कळवावे.