वाऱ्याकडेच बघत राहिले

किनाऱ्याजवळच कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं होतं. दोन दिवस मी बुलेटिनमधला एकच आकडा बघत होते, वाऱ्याचा. बऱ्याच ठिकाणी वारा ताशी 63 किलोमीटरच्या आसपास पोचला की वादळाला नाव मिळतं. हे जेमतेम तिथवर आलं. "लहानसंच आहे," असं मी घरात सांगूनही टाकलं.

शेजारचे काका पूर्वी बोटीवर होते. ते म्हणाले, "वाऱ्याचं सोड गं, ते पुढे किती वेगानं सरकतंय ते बघ."

बघितलं, तर ताशी 8 किलोमीटर! चालत्या माणसापेक्षा जरासंच जास्त. म्हणजे ते ढग रात्रभर डोक्यावरून हलणार नव्हते. 2019 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत टेक्सासला आलेलं 'इमेल्डा' वादळ असंच होतं. किनाऱ्याला लागूनच तयार झालं आणि लगेच जमिनीवर आलं. वारा ताशी 70-75 किलोमीटरच, पण काही ठिकाणी पाऊस 1,100 मिलिमीटरच्या वर. हे वाचल्यावर मात्र मी कामाला लागले.

नकाशावरच्या शंकूच्या बाहेर आपलं घर आहे म्हणून मी निर्धास्त होते, तीही चूकच. तो शंकू फक्त केंद्राचा संभाव्य मार्ग दाखवतो. पाऊस त्याच्या कितीतरी बाहेर पडतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. आमचं छप्पर 90 चौरस मीटरचं आणि अंदाज 200 मिलिमीटरचा, म्हणजे नुसत्या छपरावरून 18 हजार लिटर पाणी. त्यात पौर्णिमा. भरतीचं वेळापत्रक काढलं तर उधाण पहाटे पावणेतीनला. त्या वेळी नाल्याचं पाणी समुद्र घेणारच नव्हता.

संध्याकाळच्या आत गाडी चढावर नेऊन लावली, कागदपत्रं माळ्यावर टाकली, फ्रिज विटांवर चढवला. दाराशी वाळूची पोती रचली आणि त्याचा मला फार अभिमान वाटला.

दोनच्या सुमारास पाणी आलं ते मोरीतून! दाराकडून थेंबही नाही, आणि इकडे जाळीतून गढूळ पाणी बुडबुडत वर येतंय. मेन स्विच आधीच बंद केला होता म्हणून त्या पाण्यात पाय घालायची हिंमत झाली. जुन्या चादरींचा बोळा कोंबला, वर दारातलंच एक पोतं आणून ठेवलं. तरी घोट्यापर्यंत आलंच. समोरचा मुलगा दुचाकी काढायला रस्त्यावर उतरत होता, त्याला काकांनी गॅलरीतून ओरडून थांबवलं. वाहतं पाणी 15 सेंटीमीटर असलं तरी माणसाचे पाय निसटतात. वाऱ्यानं म्हणाल तर रात्रभरात एक कुंडी पडली.

ओहोटी लागल्यावर, सहाच्या पुढे, पाणी आलं तसंच मोरीतून परत गेलं. गाळ मात्र ठेवून गेलं. काही हलवायच्या आधी सगळ्याचे फोटो काढले, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचाही. वायरमननं तपासेपर्यंत स्विचला हात लावला नाही. तीन दिवस घासूनही तो वास जाईना.

मग प्लंबरला बोलावलं आणि मोरीच्या पाइपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी बाहेर जाऊ देणारी पण आत न येऊ देणारी झडप, बसवून घेतला. पोती अजून जिन्याखाली आहेत. आता त्यातली दोन मोरीसाठी बाजूला काढून ठेवलीत.