झेरमाट, स्वित्झर्लंड, तिसरा दिवस

आज पहिल्यांदा न पडता स्कीवरून निळा उतार पूर्ण उतरले!

सकाळी दातेरी रुळांच्या गाडीने गोर्नरग्राटला गेलो, ३,०८९ मीटरवर. १८९८ पासून ही गाडी चढतेय. उतरलो तर समोर अख्खा मॅटरहॉर्न पर्वत, एकही ढग नाही. आम्ही चौघीही गप्प. असं आमच्यात कधी होत नाही.

इथे निळा उतार सोपा, लाल मध्यम, काळा अवघड. बाकी तिघींना लाल सहज जमतो, तरी माझ्यासाठी दिवसभर निळ्यावरच राहिल्या. "वळताना वजन बाहेरच्या पायावर टाक, स्कीकडे नको, पुढे बघ," किती वेळा सांगितलं असेल! दुपारी कधीतरी ते पायांना कळलं. मागून तिघींची आरोळी आली, ती अजून कानात आहे.

आता पोटऱ्या भरून आल्यात, बाहेर बर्फ पडतोय आणि स्वयंपाकघरातून पिठल्याचा वास येतोय.