तपकिरी तार

भाचीच्या लग्नाचं शूटिंग खालच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरून माडीवरच्या कॉम्प्युटरवर न्यायचं होतं. २०० जीबी. मध्ये एक जिना आणि पंधराएक मीटर केबल. कॉपीला लावलं तर आकडा दिसला, सेकंदाला ११ एमबी. म्हणजे पाच तास! गर्दी नसली तर एवढ्या वेळात लातूरचा माणूस तुळजापूरला दर्शन करून परत येतो.

पहिला राग इंटरनेटवाल्यावर निघाला. फोनवरच्या पोरानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, प्लॅन वाढवा." वाढवला. ११ चे ११च. राहणारच. फाईल घरातल्या घरात हलते तेव्हा बाहेरच्या नेटला शिवतसुद्धा नाही. नळ आला नाही म्हणून हौदातली बादली भरायची थांबते का? हे लातूरकराला कुणी सांगायला नको होतं, पण पैसे भरून मोकळा झालो.

दहावीतला पुतण्या म्हणाला, "काका, पाणी कमी यायलंय तर मोटार कशाला बदलायलाव? पाइप कुठं दबलाय ते बघा की."

खूण त्या ११ मध्येच होती. नेटवर्कचा वेग बिटमध्ये सांगतात, फाईल बाइटमध्ये मोजतात, आणि आठ बिटांचा एक बाइट. १०० मेगाबिटला ८ ने भागलं की साडेबारा एमबी, म्हणजे मेगाबाइट. वाटखर्च जाता उरतात अकरा-साडेअकरा. राउटर १००० चा, दोन्ही कॉम्प्युटर १००० चे, आणि माडीवरच्या सेटिंगमध्ये लिंक स्पीड, म्हणजे जोडणीचा वेग, मात्र १००.

केबलीच्या पोटात आठ तारा असतात, पिळलेल्या चार जोड्या. १०० चं काम दोन जोड्यांवर भागतं, १००० ला चारही लागतात. एखादी तार गेली तरी बऱ्याचदा जोडणी तुटत नाही, मुकाट्यानं खालच्या वेगावर उतरते. या समजूतदारपणाचाच मला राग येतो. सरळ बंद पडली असती तर पाच मिनिटांत सापडली असती.

लग्नात पाहुण्यांसाठी खोली मोकळी करताना कपाट सरकवलं होतं. त्याच्या पायाखाली केबल चपटी झालेली, आणि त्या ओढाताणीत टोकाच्या कनेक्टरची क्लिप तुटलेली. कुणीतरी (मीच) कागदाची घडी खोचून तो बसवला होता. पारदर्शक प्लास्टिकमधून बॅटरी मारून पाहिलं. सात तारा सोनेरी पिनांपर्यंत पोचलेल्या, आठवी, तपकिरी, दोन मिलिमीटर मागे. चपटा तुकडा कापून टाकला, नवा कनेक्टर घेतला आणि पुतण्यानं पाढे म्हणावेत तसं म्हणत तारा लावल्या: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. कनेक्टर दाबून बसवायच्या क्रिम्परचा कट्ट आवाज, आणि आकडा ११० वर.

अर्ध्या तासात शूटिंग वर. मग फोटोंचा फोल्डर लावला आणि आकडा पुन्हा कोसळला. चाळीस हजार बारक्या फाइली. प्रत्येक उघडायची, नाव लिहायचं, बंद करायची. हौद भरायचा, पण फुलपात्र्यानं.

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला 'जलदूत' रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा पुतण्या बालवाडीत होता. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ती बघायला तो माझ्या खांद्यावर बसून आला होता. परवा मी पुन्हा केबल उपसायला वाकलो, तर हा एक्स्टर्नल हार्ड डिस्क खिशात घालून जिना उतरायला लागलेला.

"कुठं निघालास रे?"

"जलदूत आणायलो, काका."