तुम्ही विचारलंत म्हणून: दिवाळीत कुत्र्याला झोपेची गोळी द्यावी का?

कोजागिरी झाली की दरवर्षी हा प्रश्न यायला लागतो आणि वसुबारसेपासून तर फोन थांबतच नाहीत. जिन्यात भेटणाऱ्या काकू, ऑफिसातली मंडळी, बहिणीच्या सोसायटीतलं कुणीतरी, सगळ्यांचं एकच, "अगं तुझ्याकडे कुत्री आहे ना, फटाक्यांचं काय करतेस, गोळी देतेस का?" तोपर्यंत उशीर झालेला असतो म्हणून या वर्षी दसऱ्याच्या आधीच लिहितेय.

स्वतःच्या मनाने गोळी अजिबात देऊ नका. मी एकदा दिलीये.

चिंगी आमच्याकडे आली तेव्हा सहा-सात महिन्यांची असेल, सिंहगड रोडला कालव्याच्या कडेला सापडलेली आपली गावठी. पहिल्या दिवाळीत पहिल्या अंघोळीला पहाटे साडेचारला खाली कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला आणि ती जी कॉटखाली घुसली ती दुपारपर्यंत बाहेर नाही, पाणी नाही, शू नाही, काही नाही. ओळखीतल्या एकांनी गोळीचं नाव सांगितलं, आमचा मस्त झोपतो म्हणाले, आणि मी कुणालाही न विचारता लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ती दिली. तासाभरात ती आडवी झाली. आम्हाला वाटलं झोपली, पूजा केली, शेजारी फराळाची ताटं देऊन आलो. परत येऊन तिच्याजवळ बसले तर अंग सगळं लुळं पण डोळे उघडे, छातीवर हात ठेवला तर काळीज धडधडतंय, बाहेर माळ वाजली की कातडी थरथरतेय. तिला सगळं ऐकू येत होतं, फक्त पळता येत नव्हतं. त्या रात्रीबद्दल मला आजही वाईट वाटतं.

नंतर डॉक्टरांनी नीट समजावलं. काही जुनी गुंगीची औषधं अंग ढिलं करतात पण भीती तशीच राहते, आपल्याला वाटतं शांत झाला आणि तो आतल्या आत घाबरलेला असतो. भीतीच कमी करणारी औषधं वेगळी, ती वजन आणि बाकीचे आजार बघून ठरवतात आणि एखादा डोस दिवाळीच्या आधी साध्या दिवशी देऊन बघायला सांगतात, कसा मानवतोय ते कळतं. म्हणून लवकर जायचं. आणि माणसांच्या गोळ्या तर नकोच, मांजराला साधी पॅरासिटामॉलसुद्धा जीवघेणी ठरते.

आपल्याला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला ४५,००० च्या आसपासपर्यंत, आणि बारीक आवाजही त्यांना आपल्यापेक्षा लांबून ऐकू येतात, त्यात हा आवाज कुठून येतोय आणि कधी थांबणार हे त्याला कोण सांगणार! सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये दिवाळीत फटाक्यांना रात्री ८ ते १० अशी वेळ ठरवून दिली होती, पण आमच्या गल्लीत बारालाही माळा चालू असतात, त्यामुळे घड्याळावर विसंबू नका.

आमच्याकडे आता दसऱ्यापासूनच तयारी चालू होते. मोबाईलवर फटाक्यांचा आवाज अगदी हळू लावायचा आणि तेवढ्यात तिला पनीरचा तुकडा द्यायचा, दोन-तीन दिवसांनी आवाज थोडा वाढवायचा, कान मागे गेले की लगेच कमी करायचा. बाथरूमला रस्त्याकडची खिडकी नाही म्हणून तिची चादर आणि पाण्याचं भांडं तिथे, पण दिवाळीच्या आधी पंधरा दिवस, म्हणजे ती जागा तिला आपली वाटते. दार कधीच लावत नाही. त्या चार दिवसांत संध्याकाळी पाचच्या आत फिरवून आणते, पट्टा हाताला गुंडाळून, आणि गळ्यात फोन नंबरचा बिल्ला असतोच. कारण फराळाला माणसं येतात-जातात, दार उघडं राहतं, आणि नेमका तेव्हाच बॉम्ब फुटला की घाबरलेलं जनावर कुठवर पळेल सांगता येत नाही. सकाळी रस्त्यावर अर्धवट जळलेले फटाके पडलेले असतात, त्यांत तोंड घालू देऊ नका, विषारी असतात. घरी आल्यावर पंजे पुसा, रांगोळीचा रंग चाटतात. मांजर असेल तर पणत्या उंचावर, शेपटी कधी लागेल कळत नाही.

फराळाचं तर लोकांना पटतच नाही, "एवढ्याशाने काय होतंय" म्हणतात. चिवड्यातले बेदाणे कुत्र्याच्या किडन्या बिघडवू शकतात आणि कुणाला किती बाधतील याचा काही नेम नसतो. तळलेला कांदाही नको, चॉकलेटचे बॉक्स वर ठेवा, शुगरफ्री मिठाईत झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) असेल तर ते कुत्र्याला विषच. आमच्याकडे पाहुण्यांना दारातच सांगते, चिंगीला काही देऊ नका. एक-दोघांना राग आला, येऊ दे.

अजून एक नेहमी ऐकते, घाबरल्यावर जवळ घेऊ नका, लाडावतो, भीती वाढते. असं काही नसतं. भीती म्हणजे हट्ट नव्हे, कुरवाळल्याने ती वाढत नाही. कुत्रा जवळ आला तर घ्या, लपला तर लपू द्या, ओढून बाहेर काढू नका आणि ओरडू तर नकाच.

वाईट याचं वाटतं की वसुबारसेला आपण गाय-वासराला ओवाळून दिवाळी सुरू करतो आणि मग त्याच दिवाळीत फटाक्यांनी जनावरांना घाबरवतो. नेपाळात तर तिहारच्या, म्हणजे तिकडच्या दिवाळीच्या, दुसऱ्या दिवशी कुकुर तिहार असतो, कुत्र्यांना टिळा लावून गळ्यात झेंडूच्या माळा घालतात, खाऊ घालतात.

मागच्या लक्ष्मीपूजनाला मी रात्री अकरापर्यंत बाथरूमच्या उंबऱ्यात बसून होते, पंखा फुल, हॉलमध्ये टीव्ही मोठा. चिंगी थरथरली, पण दोनदा उठून पाणी प्यायली आणि साडेदहाला माझ्या हातून दहीभात खाल्ला. डॉक्टरांनी दिलेली गोळी दुपारीच दिली होती, आधी दोनदा ट्राय केलेली.

तुम्हालाही औषधाचं विचारायचं असेल तर याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या, धनत्रयोदशीला तिथे उभं राहायलाही जागा नसते.