पावसात फाटलेला बेल्ट आणि त्याचे दोन जॉइंट

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका औष्णिक वीज केंद्रात मी कोळसा हाताळणी विभागाचं, आमच्या बोलण्यात सीएचपीचं, मेकॅनिकल मेंटेनन्स बघतो. वॅगन टिपलरवर रिकामा झालेला कोळसा क्रशरमध्ये बारीक फोडायचा आणि बेल्टवरून बॉयलरच्या बंकरपर्यंत चढवायचा, एवढंच काम. पण ५०० मेगावॉटचा एक संच पूर्ण भारावर तासाला साडेतीनशे टनांच्या आसपास कोळसा खातो आणि बंकरमधला साठा काही तासांपुरताच असतो. म्हणून बेल्ट थांबला की कंट्रोल रूमपासून थेट वरपर्यंत सगळ्यांना माझाच नंबर आठवतो.

याच कारणाने आमच्याकडे प्रत्येक बेल्ट जोडीने असतो, ए आणि बी. एक चालतो, दुसरा राखीव. गेल्या पावसाळ्यात क्रशर हाऊसमधून वर जाणारा बी बेल्ट फाटला तेव्हा ए-च्या गिअरबॉक्सच्या तेलात लोखंडाचा बारीक चुरा दिसायला लागला होता. म्हणजे राखीव असा काही उरलाच नव्हता.

फाटण्याचं कारण तासाभरात सापडलं. कोळशाच्या माऱ्याने शूटचा, म्हणजे कोळसा बेल्टवर सोडणाऱ्या घसरगुंडीचा, पत्रा झिजू नये म्हणून आतून लायनर प्लेटा बोल्टने बसवलेल्या असतात. त्यातल्या एकीच्या बोल्टांची डोकी घासून गेली, प्लेट सुटली, स्कर्टखाली, म्हणजे कोळसा बाजूला सांडू नये म्हणून लावलेल्या रबरी पट्टीखाली, तिरकी अडकली आणि तिचा कोपरा चालत्या बेल्टमध्ये रुतला. लोखंड पकडणारा मॅग्नेट आणि मेटल डिटेक्टर दोन्ही आमच्याकडे क्रशरच्या आधी. क्रशर वाचवण्यासाठी ते ठीक, पण त्यापुढच्या शूटमधून काही सुटलं तर ते अडवायला कोणी नाही. सेकंदाला अडीच मीटरहून जास्त वेगाने पळणारा बेल्ट, भर रात्र, गॅलरीत कोळशाची धूळ. हेल्परने पुल-कॉर्ड, म्हणजे बेल्ट थांबवायची दोरी, ओढेपर्यंत सत्तरेक मीटर बेल्ट उभा चिरला गेला होता.

वरून पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणेच आला: क्लिपा मारून आजची रात्र निघेल का? आडवा तुटलेला बेल्ट अडीअडचणीला क्लिपांवर चालवता येतो, हे खरं. तेव्हाही बारीक कोळसा फटीतून गळतो आणि क्लिपा बेल्ट खरवडून साफ करणाऱ्या स्क्रॅपरचं पातं खातात. पण सत्तर मीटर उभी चीर क्लिपांनी शिवायची म्हणजे दुसऱ्या दिवशी उरलेलाही फाडून ठेवायचा. कोल्ड जॉइंट हा दुसरा पर्याय होता, नुसत्या सोल्यूशनवर, म्हणजे रबराच्या गोंदावर, चिकटवायचा. कोरड्या हवेत मी त्याला नाही म्हणत नाही, पण जुलैत, गळक्या गॅलरीत, चढावरच्या मुख्य बेल्टवर माझा त्यावर भरवसा नाही. फाटका तुकडा काढायचा, तेवढाच नवा घालायचा आणि दोन्ही टोकांना हॉट जॉइंट, म्हणजे उष्णता आणि दाबाने एकजीव केलेले जोड, मारायचे, असं ठरलं. ठरलं म्हणजे मी अडून बसलो.

काम सुरू करायच्या परवानगीचं, म्हणजे परमिटाचं, सविस्तर लिहीत नाही, ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. मोटरचा ब्रेकर बाहेर काढून कुलूप आणि टॅग, आणि कोळशाच्या धुळीत तापतं मशीन लावायचं म्हणून अग्निशमनचा माणूस नळीसकट हजर. भरल्या बेल्टवरच ट्रिप झालं, म्हणजे बंद पडलं, होतं, त्यामुळे ओला कोळसा फावड्यांनी उपसण्यातच निम्मी रात्र गेली. त्यानंतर टेक-अपचं काउंटरवेट. बेल्ट सतत ताणलेला राहावा म्हणून ते कित्येक टनांचं वजन लटकत असतं. ते चेन ब्लॉकने उचलून बांधल्याशिवाय आणि कापाच्या दोन्ही बाजूंना क्लॅम्प आवळल्याशिवाय मी कुणालाही सुरीला हात लावू देत नाही. चढावरचा बेल्ट कापला की वरचा भाग स्वतःच्या वजनाने खाली धावतो. ड्राइव्हला होल्डबॅक आहे म्हणून निर्धास्त राहणारे लोक मी पाहिलेत. होल्डबॅक पुली उलटी फिरू देत नाही, हे बरोबर. पण ताण गेलेला बेल्ट त्याच थांबलेल्या पुलीवरून घसरतो, त्याचं काय?

नवा बेल्ट स्टोअरमध्ये होता: १४०० मिलिमीटर रुंद, चार प्लायचा, म्हणजे कापडाच्या चार थरांचा, आगरोधक. रोल स्टँडवर, ताडपत्रीखाली, छान ठेवलेला. जॉइंटच्या सोल्यूशनचे डबे मात्र मुदत संपलेले निघाले. व्हल्कनायझिंगच्या, म्हणजे रबर तापवून जोडण्याच्या, कंत्राटदाराचा मिस्त्री स्वतःचे डबे घेऊन आला होता, त्यामुळे निभावलं. मशीनच्या जड हीटिंग प्लेटा गॅलरीच्या जिन्यावरून माणसांनी खांद्यावर वर नेल्या.

आता खरं काम. जॉइंट म्हटलं की लोकांना मशीन, वाफ, घड्याळ दिसतं. माझ्या मते मशीन लावायच्या आधीच जॉइंट किती टिकणार ते ठरून गेलेलं असतं.

सुरुवात मध्यरेषेपासून. बेल्टची कड सरळ असतेच असं नाही, म्हणून कडेवरून माप घ्यायचं नाही. टोकापासून पाच-सहा मीटरपर्यंत ठिकठिकाणी रुंदी मोजायची, मधले बिंदू काढायचे आणि खडूचा दोरा ताणून रेघ मारायची. जुन्या आणि नव्या बेल्टच्या रेघा एका दोऱ्यात आल्या पाहिजेत. मिस्त्रीने तीनदा दोरा धरला, तिसऱ्यांदा नव्या तुकड्याला पहारीने बोटभर सरकवलं आणि मगच क्लॅम्प आवळायला सांगितलं.

काप आडवा नसतो, साधारण २२ अंशांत तिरका असतो. त्यामुळे पुलीवरून जाताना अख्खा जॉइंट एकदम वाकत नाही, थोडा थोडा करून जातो. चार प्लायचा बेल्ट म्हणजे तीन पायऱ्या: वरचं कव्हर रबर काढायचं, पहिली प्लाय एका पायरीभर सोलायची, दुसरी तिच्या पुढे, मग तिसरी, आणि समोरच्या टोकाला याच्या बरोबर उलट, म्हणजे दोन्ही एकमेकांत बसतात. मिस्त्रीची सुरी पाहण्यासारखी होती. पात्याला चिंध्या घट्ट गुंडाळून फक्त टोक उघडं ठेवलेलं, एका प्लायच्या जाडीएवढं. ते तो अंगठ्याने दाबून एका हाताने ओढत नेई, आणि खालच्या प्लायच्या धाग्याला सुरी लागत नसे. लागली तर तेवढे धागे गेले, आणि पुढे जॉइंट उसवतो तो तिथूनच. कापलेली प्लाय पकडीत धरून विंचने ओढली की चरचर आवाज करत उलगडते. खाली रबराचा पातळ थर लागलेलं कापड राहिलं पाहिजे. कापड उघडं पडलं तर सोलणं बिघडलं.

मग बफिंग, तेही हलकं. रबर खरखरीत व्हावं, धाग्याला ओरखडा नको. ब्रशने धूळ झाडायची, सॉल्व्हंटने पुसायचं आणि त्यानंतर त्या जागेला हात लावायचा नाही. घामाचा तळवा टेकला तरी तेवढा डाग चिकटत नाही. आमच्या डोक्यावर गॅलरीचा पत्रा गळत होता. दुहेरी ताडपत्री बांधली, बाजूने पडदे सोडले, हॅलोजन लावून आतली हवा कोरडी केली. सोल्यूशनचा पहिला हात मारला आणि माझा फोन सुरू झाला. किती वेळ? मशीन लागलं का? अजून का नाही लागलं? दुसरा हात वाळायला दमट हवेत फारच वेळ लागत होता. मिस्त्री बोटाच्या मागच्या बाजूने तपासत होता: चिकट लागलं पाहिजे, पण बोटाला यायला नको. फोन पुन्हा वाजला तेव्हा तो मान वर न करता म्हणाला, "साहेब, फोन खिशात ठेवा जी. घाई कराल तं हा जॉइंट तुम्हालेच रडवन." मी फोन सायलेंट करून शिफ्टच्या सहकाऱ्याकडे दिला. तोही बिचारा ताडपत्रीबाहेर जाऊन बोलत राहिला.

कुशन गमचा, म्हणजे जोडातल्या कच्च्या रबराचा, थर अंथरला, पायरीवर पायरी बसवली, मधून कडेकडे रोलर फिरवत हवा काढली. जिथे फुगा राहिला तिथे आरीने टोचलं. वरून कव्हर रबरची पट्टी, कडांना लोखंडी पट्ट्या, खाली-वर तापणाऱ्या प्लेटा, दाबाची बॅग. १४५ अंश आणि चौरस सेंटिमीटरला सातेक किलो दाब. इथे एक गोष्ट नवीन इंजिनिअरांना आवर्जून सांगतो: वेळ बटण दाबल्यापासून धरायची नाही, सगळ्या प्लेटा १४५ ला पोचल्यावर धरायची. आमच्या मशीनचा वाऱ्याच्या बाजूचा कोपरा दहा अंशांनी मागे रेंगाळत होता. त्यावर गोणपाट टाकून तो वर येईपर्यंत थांबलो. वीज बंद केल्यावरही दाब तसाच ठेवायचा, ६० अंशांच्या खाली येईपर्यंत. गरम असताना उघडलं की आत अडकलेली वाफ रबराला फुगवते.

निवण्याच्या त्या वेळात चहा आला. मेघालयातल्या खाणीतून चुनखडी थेट बांगलादेशात छातकच्या सिमेंट कारखान्यात नेणारा १७ किलोमीटरचा बेल्ट आहे, हे मी मिस्त्रीला सांगितलं. जाऊन येऊन चौतीस किलोमीटर रबर, मधे आंतरराष्ट्रीय सीमा. त्याने थोडा विचार केला. "मग तं तिथं जन्मभराचं काम हाये," म्हणाला, आणि पगार किती देतात ते विचारलं.

दुसरा जॉइंट पहिल्यासारखाच, फक्त पाऊस उघडल्यामुळे सोल्यूशन लवकर वाळलं. काउंटरवेट सोडलं, परमिट परत केलं, रिकामा बेल्ट चालवला. दोन्ही जॉइंट सरळ गेले. हे ओळखायची रीत सोपी आहे. बेल्टचा एकच भाग प्रत्येक ठिकाणी बाजूला जात असेल तर दोष बेल्टमध्ये किंवा जॉइंटमध्ये. अख्खा बेल्ट एकाच ठिकाणी बाजूला जात असेल तर दोष तिथल्या रोलरमध्ये किंवा सांगाड्यात. रोलरच्या ज्या टोकाला बेल्ट आधी टेकतो त्या बाजूला तो सरकतो, त्यामुळे आयडलरचा, म्हणजे बेल्टखालच्या रोलरचा, स्टँड जरासा पुढे ठोकला की बेल्ट वळतो.

कोळसा सोडल्यावर मात्र बेल्ट टेल पुलीच्या, म्हणजे खालच्या टोकाच्या पुलीच्या, पुढेच उजवीकडे गेला आणि बाजूला गेलेला बेल्ट थांबवणाऱ्या स्वे स्विचने ट्रिप दिली. ऑपरेशनवाल्यांनी लगेच हातोडा मागवला. मी अडवलं. रिकामा सरळ आणि भरला की वाकडा, म्हणजे आयडलरचा संबंध नाही, कोळसा मध्यावर पडत नाही. शूटचा दरवाजा उघडला तर उजव्या भिंतीला ओल्या चुऱ्याचा हातभर थर बसलेला, त्याच्यावर आपटून सगळा कोळसा डावीकडे पडत होता, आणि जड बाजू मध्याकडे ओढली जाऊन बेल्ट हलक्या, उजव्या बाजूला सरकत होता. पहारीने तो खाली पाडला, त्याच वेळी लायनरचे उरलेले बोल्ट तपासून झिजलेले बदलले. पुन्हा सुरू केलं तेव्हा बेल्ट मधोमध चालला आणि पहाटे बंकर भरायला लागले.

मिस्त्री मात्र दुपारपर्यंत गेटवर बसला होता. रात्री आत येताना त्याचं मशीन रजिस्टरमध्ये "लोखंडी सामान, एक गाडी" असं लिहिलं गेलं होतं, आणि प्लेटा निघाल्या ॲल्युमिनियमच्या. तो गेट पास सुधारून, सही घेऊन, त्याची गाडी बाहेर काढायला मला जेवढे फोन करावे लागले, तेवढे रात्रभर मला आले नव्हते.