अल्फा जुळेना: समस्थानिक परिणामाच्या गणिताची तिसरी नोंद

मागच्या नोंदीत एलियाशबर्ग समीकरणे (अतिसंवाहकतेचे, म्हणजे क्रांतिक तापमानाखाली पदार्थाचा विद्युतरोध नाहीसा होण्याचे, गणित) सोडवणारी माझी छोटी पायथन आज्ञावली शिशासाठी ठीक उत्तर देऊ लागली होती, आणि आता मॅग्नेशियम डायबोराइड व कॉपर ऑक्साइड यांच्याकडे वळायचे असे मी लिहिले होते. मधल्या चार महिन्यांतला बराचसा वेळ एका चुकीपायी गेला. चूक माझीच होती, पण ती बोधप्रद असल्यामुळे तिथूनच सुरुवात करतो.

अणूचे वस्तुमान बदलले, म्हणजे त्याच मूलद्रव्याचा जड वा हलका समस्थानिक घातला, की क्रांतिक तापमान किती बदलते, हे सांगणाऱ्या घातांकाला अल्फा म्हणतात. फोनॉनची, म्हणजे अणुजाळीच्या कंपनाची, कंप्रता वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते आणि क्रांतिक तापमान कंप्रतेच्या प्रमाणात असते, असे धरले तर अल्फा बरोबर ०.५ येतो. माझी आज्ञावली कोणताही पदार्थ दिला तरी ०.५०० हेच उत्तर देत होती. सुरुवातीला मला याचा आनंदच झाला. पण दिवसभर लेखापरीक्षण करणाऱ्या माणसाला प्रत्येक खात्यात तीच रक्कम दिसली तर त्याने आनंद मानू नये, एवढे भान दोन-तीन दिवसांनी आले. घोटाळा कंप्रतेच्या वरच्या मर्यादेत होता. समीकरणांतली कंप्रतांवरची बेरीज कुठे थांबवायची ती मर्यादा मी फोनॉनच्या कमाल कंप्रतेच्या दहापट अशी ठरवली होती. त्यामुळे वस्तुमान वाढवले की फोनॉन आणि मर्यादा दोन्ही एकाच प्रमाणात खाली येत, इलेक्ट्रॉनांमधल्या कूलोम प्रतिकर्षणाचा म्यू-स्टार हा आकडा मात्र जागचा हलत नसे, आणि सगळे गणित नुसते एका मापपट्टीवरून दुसऱ्या मापपट्टीवर जात असे. प्रत्यक्षात कूलोम प्रतिकर्षणाची मर्यादा इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेशी बांधलेली असते आणि तिला अणूच्या वस्तुमानाशी काही देणेघेणे नसते. जड अणूंचे फोनॉन मंद होतात, प्रतिकर्षण आणि फोनॉनमुळे होणारे आकर्षण यांच्या वेळांमधले अंतर वाढते, परिणामी म्यू-स्टार किंचित घटतो आणि क्रांतिक तापमान अपेक्षेपेक्षा कमी उतरते. अल्फा अर्ध्याच्या खाली जातो तो या कारणाने. मर्यादा ७,००० केल्विनवर (कंप्रताही मी केल्विनमध्येच लिहितो) स्थिर केल्यावर आज्ञावली शहाणी झाली. (ज्यांना गणिताचा आकार किती मोठा होतो याची धास्ती वाटते त्यांच्यासाठी: ४० केल्विनला या मर्यादेखाली धन बाजूच्या अवघ्या २८ मात्सुबारा कंप्रता, म्हणजे बेरजेतल्या पायऱ्या, बसतात. हे काम दहा वर्षे जुना लॅपटॉपही हसत करतो.)

दुरुस्तीनंतर पुन्हा पाऱ्यापासून सुरुवात केली, कारण या विषयाचा उगमच तिथे आहे. १९५० साली अमेरिकेत इमॅन्युएल मॅक्सवेल यांनी आणि रटगर्स विद्यापीठातील रेनॉल्ड्स, सेरिन व सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या समस्थानिकांच्या पाऱ्यावर हे मोजमाप केले. सरासरी अणुवस्तुमान १९९.५ वरून २०३.४ झाले की क्रांतिक तापमान ४.१८५ केल्विनवरून ४.१४६ केल्विनवर येते. या दोन गुणोत्तरांचे नैसर्गिक लॉगॅरिदम ०.००९३६ आणि ०.०१९३६ आहेत, भागाकार ०.४८. फरक केल्विनच्या शंभराव्या हिश्श्यांत आहे, तरी त्याच्या आधारावर जाळीच्या कंपनांना अतिसंवाहकतेच्या कारणांत जागा मिळाली, आणि सात वर्षांनी बार्डीन, कूपर व श्रीफर यांचा सिद्धांत आला.

शिशाची तपासणी मी आज्ञावलीबरोबरच हातानेही केली. ॲलन आणि डाइन्स यांच्या १९७५ च्या सूत्रात लॅम्डा (इलेक्ट्रॉन आणि फोनॉन यांच्या युग्मनाची ताकद) १.५५, लॉगॅरिदमी सरासरी कंप्रता ५६ केल्विन आणि म्यू-स्टार ०.१ ठेवले की साध्या रूपात ६.६ केल्विन मिळतात. प्रबळ युग्मनाचा पहिला दुरुस्ती-गुणक १.०९ येतो, त्याने आकडा ७.२ वर जातो, आणि मोजलेले क्रांतिक तापमानही ७.२ आहे. इथे थांबण्याचा मोह होतो. मात्र दुसरा गुणकही लावला तर ७.४ होतात, त्यामुळे पहिल्या गुणकावरचा ताळमेळ थोडा नशिबाचाच म्हणावा लागतो. मॅकमिलनच्या सूत्रावरून काढलेला शिशाचा अल्फा ०.४९ येतो आणि तोही मोजमापाला धरून आहे. साध्या धातूंचे हे असे असते. रुथेनियमचा अल्फा जवळजवळ शून्य असतो, पण त्याचेही स्पष्टीकरण याच चौकटीत, म्यू-स्टारच्या बळावर, ओढूनताणून का होईना देता येते.

मॅग्नेशियम डायबोराइडपाशी आल्यावर गंमत सुरू झाली. २००१ च्या जानेवारीत जपानमध्ये अकिमित्सु यांच्या गटाने या साध्या, बाटलीत मिळणाऱ्या संयुगाची ३९ केल्विनवरील अतिसंवाहकता जाहीर केली, आणि काही आठवड्यांत अमेरिकेतील एम्स प्रयोगशाळेने बोरॉनचा समस्थानिक बदलून पाहिला: बोरॉन-११ असताना ३९.२ केल्विन, बोरॉन-१० असताना ४०.२. यावरून अल्फा ०.२६ निघतो. पुढे हिंक्स यांच्या गटाने बोरॉनसाठी ०.३० आणि मॅग्नेशियमसाठी ०.०२ मोजला, म्हणजे बेरीज ०.३२. मॅग्नेशियमचे अणू या नाटकात जवळजवळ प्रेक्षक आहेत, हे त्या ०.०२ वरून कळते.

आता गणित. लॅम्डा ०.८७, सरासरी कंप्रता पूर्णांकात ७०० केल्विन, म्यू-स्टार ०.१० असे नेहमीचे आकडे घातले की क्रांतिक तापमान ३८.६ केल्विन येते. उत्तर इतके देखणे की वहीत खूण करून पान उलटावेसे वाटते. पण त्याच आकड्यांवरून अल्फा ०.४७ येतो आणि प्रयोग सांगतो ०.३२. बरे, अल्फा जुळवायचा म्हणून म्यू-स्टार वाढवत नेला तर तो ०.२० च्या आसपास गेल्यावर अल्फा ०.३१ होतो खरा, पण तोवर क्रांतिक तापमान १८ केल्विनपर्यंत घसरलेले असते. एक खाते जुळवावे तर दुसरे फुटते. या छंदातून माझ्या हाती लागलेली सर्वांत ठोस गोष्ट हीच आहे: क्रांतिक तापमान जुळवणे स्वस्त आहे, कारण म्यू-स्टार हा कुठेही सरकवता येणारा आकडा हाताशी असतो, अल्फा मात्र त्याच आकड्याची उलटतपासणी घेतो. ज्या प्रतिमानाच्या मांडणीत फक्त क्रांतिक तापमानाचा तक्ता दिला आहे आणि अल्फाबद्दल मौन आहे, ते मी आता बाजूला ठेवतो.

या विसंगतीची दोन कारणे सांगितली जातात. एक म्हणजे बोरॉनच्या थरातील कंपन साध्या स्प्रिंगसारखे नाही. हलका अणू शून्य-बिंदू हालचालीतच (जी कितीही थंडीत थांबत नाही) जास्त लांब जातो, तिथे स्प्रिंग अधिक ताठ होते, कंप्रता अपेक्षेपेक्षा जास्त वाढते, त्यामुळे लॅम्डा थोडा घटतो आणि हलकेपणाचा फायदा अंशतः बुडतो. याच असुसंवादी कंपनाचे टोकाचे उदाहरण पॅलेडियम हायड्राइड आहे, जिथे हायड्रोजनच्या जागी दुप्पट जड ड्युटेरियम घातला तर क्रांतिक तापमान सुमारे ९ वरून ११ केल्विनवर चढते, म्हणजे अल्फा चक्क ऋण. दुसरे कारण म्हणजे या पदार्थात सिग्मा आणि पाय असे इलेक्ट्रॉनांचे दोन वेगळे ऊर्जापट्टे आहेत आणि दोघांचे फोनॉनशी युग्मन सारखे नाही. दुसऱ्या कारणावर माझे काम चालू आहे. त्याचा निकाल शेवटी देतो.

दोन पट्ट्यांची आज्ञावली रखडली असताना कॉपर ऑक्साइडकडे वळलो. १९८६ मध्ये झुरिकजवळच्या आयबीएम प्रयोगशाळेत बेडनोर्झ आणि म्यूलर यांनी हे दार उघडले आणि पुढच्याच वर्षी यट्रियम बेरियम कॉपर ऑक्साइड ९२ केल्विनवर पोहोचले. ऑक्सिजन-१६ च्या जागी ऑक्सिजन-१८ घातला आणि अल्फा ०.५ असता, तर ९२ चे ८६.७ व्हायला हवे होते, म्हणजे पाच केल्विनहून मोठी घसरण. प्रत्यक्षात अल्फा ०.०२ च्या आसपास भरतो, म्हणजे जेमतेम ०.२ केल्विन. इतका लहान फरक खरा कसा मानायचा, हे समजून घेण्यात मी दोन संध्याकाळी घालवल्या. नमुना ऑक्सिजन-१८ च्या वायूत तापवतात आणि अदलाबदल किती झाली ते वजनावरून ओळखतात: संयुगाचे रेणुवस्तुमान ६६६, त्यात सात ऑक्सिजन, प्रत्येकी दोन एककांची वाढ, म्हणजे पूर्ण अदलाबदलीत २.१ टक्के. एक ग्रॅमची गोळी २१ मिलिग्रॅमने जड होते. खरी अडचण अशी की ऑक्सिजनचे प्रमाण जरा इकडेतिकडे झाले तरी क्रांतिक तापमान बदलते, आणि तो बदल ०.२ केल्विनला सहज झाकून टाकू शकतो. म्हणून जोडीचा नमुना साध्या ऑक्सिजनमध्ये अगदी तशाच तापमानांतून नेतात आणि नंतर दोघांचा ऑक्सिजन पुन्हा उलटा बदलून पाहतात. मूळ तापमाने परत आली तरच मोजमाप ग्राह्य. ही शिस्त मला फार आवडली.

०.०२ पाहून फोनॉनांना रजा द्यावी असे १९८७ मध्ये अनेकांना वाटले. पण त्याच संयुगात यट्रियमच्या जागी प्रेसिओडिमियम घालत गेले की क्रांतिक तापमान उतरते आणि अल्फा वाढत जाऊन ३० केल्विनच्या सुमारास ०.५ च्या जवळ येतो. लँथेनम स्ट्रॉन्शियम कॉपर ऑक्साइडमध्ये स्ट्रॉन्शियमचे प्रमाण ०.१२ च्या आसपास असताना तर तो अर्ध्याच्याही वर जातो. यावर एक सोपा खुलासा असा की अशुद्धी अतिसंवाहकता घडवणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या मोडतात आणि मोडतोडीमुळे मूळचा लहान अल्फा फुगून दिसतो. अब्रिकोसोव्ह आणि गोरकोव्ह यांच्या समीकरणावरून मी हा फुगवटा काढला: क्रांतिक तापमान निम्मे झाले की अल्फा २.२ पट, एकतृतीयांश झाले की ३.७ पट. म्हणजे ०.०२ चे फार तर ०.०७. प्रयोगातला ०.५ त्याहून कित्येक पटींनी मोठा आहे, तेव्हा हा खुलासा एकट्याने पुरा पडत नाही, असे माझे मत झाले आहे.

१९९७ मध्ये झाओ, हंट, केलर आणि म्यूलर यांनी दाखवले की ऑक्सिजनचा समस्थानिक बदलला की चुंबकीय क्षेत्र आत शिरण्याची खोलीही बदलते. ही खोली जोड्यांची घनता आणि त्यांचे परिणामी वस्तुमान (पदार्थात फिरताना जाणवणारे) यांच्या गुणोत्तरावर ठरते. नेहमीच्या सिद्धांतात इलेक्ट्रॉनाच्या परिणामी वस्तुमानाला अणूच्या वस्तुमानाची खबरही नसते. पोलॅरॉनच्या प्रतिमानात मात्र इलेक्ट्रॉन जाळीची विकृती सोबत ओढत चालतो आणि त्याचे वस्तुमान समस्थानिकानुसार बदलते. पोलॅरॉनच अतिसंवाहकता घडवतात, एवढे यावरून सिद्ध होत नाही. पण जाळीला पूर्ण रजा देणारी प्रतिमानेही या मोजमापापुढे मला अपुरी वाटतात. उच्च दाबाखालच्या लँथेनम हायड्राइडमध्ये असला वाद नाही: हायड्रोजन असताना सुमारे २५० केल्विन, ड्युटेरियम असताना १८०, म्हणजे अल्फा ०.४७. तिथे शिशाचेच गणित मोठ्या आकड्यांत चालते.

आता दोन पट्ट्यांचा निकाल. पूर्ण आज्ञावली अजून अडखळते आहे, म्हणून गेल्या रविवारी कागदावरच एक कच्चा अंदाज काढला. गोलुबोव्ह आणि सहकाऱ्यांच्या २००२ च्या गणनेतील चार युग्मने घेतली: सिग्मामध्ये १.०१७, पायमध्ये ०.४४८, सिग्माकडून पायकडे ०.२१३, पायकडून सिग्माकडे ०.१५५. पट्ट्यांच्या घनतेनुसार त्यांची सरासरी बरोबर ०.८७ येते, म्हणजे वर वापरलेला लॅम्डा हाच. पण जोड्या सरासरी पाहून जमत नाहीत. या सारणीचे मोठे आयगेनमूल्य, म्हणजे चारही युग्मने मिळून होणारी परिणामी ताकद, १.०७ आहे. तेच लॅम्डाच्या जागी घालून ३९ केल्विन जुळवले तर म्यू-स्टार ०.१६५ लागतो आणि अल्फा ०.४२ होतो. ०.४७ वरून ०.४२, तेही क्रांतिक तापमान न सोडता. उरलेल्या ०.१० साठी असुसंवादी कंपन आहेच. तिथे बोरॉन-१० आणि बोरॉन-११ साठी लॅम्डा वेगवेगळा घालावा लागेल, आणि आज्ञावलीत तो सध्या एकाच ओळीत एकदाच लिहिलेला आहे. ती ओळ मोडण्यापासून पुढचे काम सुरू होईल. ते जमले की यट्रियम निकेल बोरोकार्बाइड घेणार आहे. या घराण्याची अतिसंवाहकता १९९४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील गटाने पुढे आणली, आणि त्यात बोरॉनचा अल्फा सुमारे ०.२५ मोजला गेला आहे. तिथेही बोरॉनच, आणि तिथेही तो अर्ध्यापेक्षा बराच कमी.