दगडफूल आणि ग्रनाश

वाइनची बाटली आदल्या दिवसापासून उभी होती. फ्रान्समधल्या लिओनहून आलेल्या भाच्याची तशी सक्त ताकीद होती : "मामा, हलवू नका, गाळ वर येईल." रविवारी दुपारी त्याने ती अगदी हलक्या हाताने ओतली आणि शेवटची बोटभर बाटलीतच ठेवली. माझा जीव त्या बोटभरात अडकला. आमच्या घरात चहाचा चोथासुद्धा दोनदा उकळायचे.

२००५ सालची शातोनफ द्यु पाप, दक्षिण फ्रान्समधल्या त्याच नावाच्या गावची तांबडी वाइन. रंग वाटला होता त्याहून फिका, कडेला विटकरी. अर्धाअधिक रंग टॅनिनला, म्हणजे द्राक्षातल्या तुरटपणाला, धरून तळाशी जाऊन बसला होता ना! वास आधी सुक्या अंजिराचा, मग चामड्याचा, आणि थोडा वेळ ग्लास तसाच ठेवला तर उन्हात तापलेल्या रानपाल्याचा.

या वाइनला तेरा जातींची द्राक्षं चालतात, त्यातली काही चक्क पांढरी. घरची मालकीण ग्रनाश, मूळची स्पेनची. ऊब आणि गोडवा तिचा. पण हवा लागली की ती लवकर ढासळते, म्हणून सोबतीला मूर्वेद्र. सिरा रंगाला. आणि मग कूनवाज, वाकारेज वगैरे मंडळी, चिमूटभर.

चिमूटभर म्हटलं की मला आजीचा गोडा मसाला आठवतो. चैत्रातली दुपार, लोखंडी कढई, खोबरं-तीळ भाजून झालेले, आणि सगळ्यात शेवटी दगडफूल. काळपट, पापुद्र्यांचं, जिभेवर ठेवलं तर मातकट. "याला तर चवच नाही, कशाला घालतेस?" "नाही घातलं की कळेल," ती म्हणाली आणि शिंकली. तेव्हापासून आमटीत नेमकं दगडफूल हुडकायची खोड मला लागली. परवा ग्लासात कूनवाज हुडकत होतो. भाचा म्हणाला, यात ती असेलच असं नाही. एकट्या ग्रनाशचीही करतात. घ्या.

नावाचा अर्थ 'पोपचा नवा किल्ला', आणि त्यातले पोप खरे. चौदाव्या शतकात ते रोम सोडून आव्हिन्योंला राहिले, आणि बाविसाव्या जॉनने या गावी किल्ला बांधला. आता त्याची जेमतेम एक बाजू उभी आहे. उरलेलं बरंच १९४४ मध्ये जर्मनांनी उडवलं. अनेक मळ्यांत माती दिसतच नाही, नुसते ऱ्होन नदीचे गोलगोल गोटे, दिवसभर तापणारे. इथली वाइन एके काळी पिंपांतून फ्रान्सच्याच बर्गंडी प्रांतात जायची, तिकडच्या अशक्त वाइनला ताकद द्यायला. नाव बर्गंडीचं, मेहनत यांची. १९२३ मध्ये बॅरन ल रुआ या वकिलाने, जो पहिल्या महायुद्धात वैमानिक होता, मळेवाल्यांना एकत्र करून नियम बांधले. त्यातला एक मला फार आवडतो : जिथे लव्हेंडर आणि थाइम उगवतं, तीच जमीन या वाइनची. सातबारा नको, मोजणी नको. १९३६ मध्ये सरकारनेही शिक्का मारला.

नियमांचा नाद या गावाला तेव्हापासून लागला असावा. १९५४ मध्ये फ्रान्सभर उडत्या तबकड्यांच्या बातम्या उठल्या, तेव्हा इथल्या महापौरांनी फतवा काढला : कुठल्याही देशाच्या तबकडीने गावावरून उडू नये, हद्दीत उतरू नये, उतरल्यास कोंडवाड्यात टाकण्यात येईल. तो आजवर कुणी मागे घेतलेला नाही. आणि का घ्यावा?